काटकसरीची गाडी

स्वस्त आणि काटकसरीचे हे दोन शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. परंतु मोटारगाडी विकत घेण्याचा प्रसंग आला म्हणजे या दोहोंतील अंतर हजारांनी नव्हे, लाखांनी मोजावे लागते. 2025 च्या सप्टेंबर महिन्यात सरकारने लहान गाड्यांवरील कर कमी केला, तेव्हापासून आमच्या ओळखीच्या कितीतरी कुटुंबांत गाडीची बोलणी सुरू झाली. वसईच्या आमच्या मूळ गावाहून येणाऱ्या दूरध्वनींतही पावसापाण्याच्या आणि केळीच्या भावाच्या आधी तोच विषय निघू लागला. आम्हीही त्याच सुमारास गाडी घेतली. त्या निमित्ताने जो हिशेब मांडावा लागला, तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

आमचे बिऱ्हाड बडोद्यास सयाजीगंजात आहे. एका अंगाला रेल्वे स्थानक, दुसऱ्या अंगाला विद्यापीठ, आणि काळा घोडा चौक ओलांडला की विश्वामित्रीचा पूल. बाजार, दवाखाना, शाळा सारे जवळ. अशा ठिकाणी राहणाऱ्यास मोटारीची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. मी स्वतः कार्यालयात स्कूटरवर जातो, आणि आजही जातो. गाडी घ्यावी लागली ती माझ्या आईसाठी. तिचे वय 76. गुडघे निकामी होत चालल्याने स्कूटरच्या मागे बसणे तिला अशक्य झाले, आणि रिक्षात चढताना ती दोनदा तोल जाऊन पडता पडता वाचली. ज्या बाईने वसईत असताना पहाटेची मिस्सा सहसा चुकविली नाही, तिला सुमारे वर्षभर देवळाचे दर्शन झाले नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर घरी येऊन तिला पवित्र कम्युनियन देत. त्यांचे उपकार आहेतच. पण रविवारी आम्ही सारे निघालो म्हणजे ती खिडकीत जपमाळ घेऊन बसे आणि रस्त्याकडे न पाहता आमच्या चपलांकडे पाही. ते मला व माझ्या पत्नीला फार लागत असे.

तेव्हा आमच्या गाडीची व्याख्या पहिल्या दिवसापासून ठरलेली होती: पाच माणसे, त्यांतील एकीचे गुडघे वाकत नाहीत, आणि मुलीचे परिचारिका अभ्यासक्रमाचे शुल्क पुढील वर्षापासून भरावयाचे आहे. पदरी शिल्लक चार लाखांची.

स्वस्ताईचा विषय निघाला की गुजरातेत नॅनोची आठवण निघतेच. रतन टाटा यांनी पावसात एका स्कूटरवर दाटीने बसलेले सबंध कुटुंब पाहिले आणि त्यांच्या मनात लाख रुपयांच्या गाडीची कल्पना आली, ही हकिकत सर्वश्रुत आहे. बंगालमधील सिंगूर येथे कारखाना उभारता येईना, म्हणून ऑक्टोबर 2008 मध्ये तो अहमदाबादजवळच्या साणंद येथे आणण्याचे ठरले. मार्च 2009 मध्ये गाडी बाजारात आली आणि जून 2010 मध्ये साणंदचा कारखाना सुरू झाला. पुढे काय झाले? जून 2018 या सबंध महिन्यात नॅनोची अवघी एक गाडी तयार झाली. काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या, 2014 च्या अपघात-चाचणीत तिला एकही तारा मिळाला नव्हता, ही कारणे खरीच. पण माझ्या मते तिला खरा फटका बसला तो ‘सर्वांत स्वस्त’ या बिरुदाचा. तसे म्हणून ती विकली गेली ही चूक झाली, असे खुद्द टाटांनीही पुढे बोलून दाखविले. आपल्या लोकांना पैसे वाचलेले हवे असतात. पण ते वाचले हे शेजाऱ्याला दिसलेले नको असते. लग्नाच्या मांडवापुढे नॅनोतून उतरावयास माणसे लाजली. ही लाज आजही तितकीच जागी आहे, हे मला शोरूमच्या पायऱ्या चढताना प्रत्यही जाणवले.

पहिला मोह मात्र जुन्या गाडीचा झाला. एका परिचिताने चार वर्षे वापरलेली, दिसावयास चकचकीत अशी गाडी दोन लाख साठ हजारांत सुचविली. नवी घेण्यापेक्षा निम्म्याहून कमी पैसे! येथे बडोद्याबाहेरच्या वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्रीला महापूर आला. काळा घोडा पुलाजवळ धोक्याची पातळी 26 फूट मानतात. त्या वेळी पाणी 35 फुटांच्याही वर गेले. शहरातील असंख्य मोटारी तळघरांत व अंगणांत दिवसेंदिवस पाण्याखाली राहिल्या. त्यांतील पुष्कळ गाड्या धुऊनपुसून, नवी आसने चढवून पुन्हा बाजारात आल्या, आणि त्या केवळ बडोद्यातच विकल्या जातील असे नाही. वसई-पालघरपर्यंत येण्यास त्यांना एक रात्र पुरते. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने ती गाडी पाहिली. इंजिनाकडे त्याने लक्षही दिले नाही. प्रथम त्याने सीटचा पट्टा शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढला; आतल्या हातभर पट्ट्यावर मातकट रेषा होती. मग पायाखालचा गालिचा उचलून सीटच्या रुळांवरचा गंज दाखविला. दिव्याच्या काचेत आतून धूसर ओल होती. तो एवढेच म्हणाला, “साहेब, हिच्या तारांत पाणी आहे. आज चालेल, पण कधी थांबेल ते देवाला ठाऊक.” आम्ही परत फिरलो. जुनी गाडी घेऊच नये असे मी म्हणत नाही. पण घेणाऱ्याने सीटचा पट्टा ओढून पाहण्यास एक मिनिट द्यावे, आणि गाडीवर विम्याचे दावे झाले होते काय हे विमा कंपनीकडून विचारून घ्यावे.

दुसरा मोह हप्त्याचा. शोरूममधील तरुण फार अदबीने बोलतात, परंतु गाडीची किंमत त्यांच्या तोंडून सहसा निघत नाही. निघतो तो हप्ता. “काका, महिन्याला फक्त 12,900!” मी घरी येऊन आकडे मांडले. बारा लाखांची मोठी गाडी, चार लाख रोख, आठ लाख कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षे. या हिशेबाने केवळ व्याजापोटी सुमारे दोन लाख ऐंशी हजार जातात. म्हणजे एका पुराच्या गाडीची किंमत आपण हवेत उडवितो! याउलट अडीच लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे 5,200 आणि व्याज साठ-एकसष्ट हजार. दोन हप्त्यांतील फरक महिन्याला 7,700 रुपयांचा. पत्नी म्हणाली, “अहो, ही तर पोरीची फी झाली.” त्यापुढे मोठ्या गाडीचे नाव आमच्या घरात निघाले नाही. मुलगा चार दिवस घुश्शात होता, ते असो.

मग सीएनजीचा विचार. आमच्याकडे गॅसचे पंप मुबलक, आणि गॅसवर गाडी स्वस्तात चालते हे सर्वमान्य. पण येथेही आपण किती फिरतो हे आधी पाहिले पाहिजे. आम्ही फार तर महिन्याला 500 किलोमीटर जाणार. पेट्रोल लिटरला 95 रुपये आणि शहरात एका लिटरला 15 किलोमीटर धरले तर वर्षाला 38,000 रुपये लागतात. गॅस किलोला 82 रुपये आणि किलोला 22 किलोमीटर धरले तर सुमारे 22,400. वर्षाची बचत साडेपंधरा हजार. आणि गॅसची गाडी घेताना जास्तीचे द्यावे लागतात नव्वद-पंच्याण्णव हजार. ती रक्कम फिटण्यास सहा वर्षे! शिवाय टाकीची ठरावीक मुदतीने तपासणी करावी लागते ती वेगळीच. जो गावाहून रोज भाजी घेऊन बाजाराला जातो, महिन्याला दीड हजार किलोमीटर तुडवितो, त्याचे पैसे मात्र दोन वर्षांत वसूल होतील. त्याने गॅसचीच घ्यावी. आमच्यासाठी पेट्रोलच काटकसरीचे ठरले.

धाकट्या भावाने वसईहून एक शक्कल सुचविली होती. महाराष्ट्रात नव्या पेट्रोल गाडीवर वाहनकर 11 टक्के, गुजरातेत 6. तेव्हा त्याची गाडीही माझ्या पत्त्यावर नोंदवावी! बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात राहिली की तेथे नव्याने नोंदणी करून कर भरावा लागतो, हे त्याला सांगितले. त्याने ते ऐकले, आणि फोन आईकडे देण्यास सांगितले.

सर्वांत अवघड निवड यानंतर आली. आम्ही आईला प्रत्येक शोरूममध्ये नेले आणि प्रत्येक गाडीत बसविले. विकणाऱ्यांना त्याचे नवल वाटले. गाडी कोण चालविणार, असे ते मला विचारीत, आणि मी बसणारीला पुढे करी. सर्वांत स्वस्त गाड्या साडेतीन ते पावणेचार लाखांपासून मिळत होत्या, पण त्यांच्या मागच्या आसनावर तिला आधार दिल्यावाचून शिरता येईना. टियागो चांगली भक्कम. 2020 च्या चाचणीत तिला चार तारे मिळालेले. पण तिची बैठक खाली, आणि आईला बसताना धपकन पडल्यासारखे होई. वॅगनआरमध्ये मात्र ती खुर्चीवर बसावी तशी सहज बसली. किंमत पाच लाखांच्या आत, आणि दुरुस्ती कोणत्याही गल्लीत होणारी. आईने लगेच कौल दिला, “हीच घ्या.”

परंतु या गाडीला 2023 च्या चाचणीत प्रौढांसाठी एकच तारा मिळाला होता आणि लहान मुलांच्या बाबतीत एकही नाही. 2025 मध्ये तिच्यात सहा एअरबॅगा आल्या हे खरे. पण त्या चाचणीत तिचा सांगाडाच अस्थिर ठरला होता, आणि सांगाडा एअरबॅगांनी बदलत नाही. शहरात देवळापर्यंत जावयाचे असते तर मी तिकडे कानाडोळा केला असता. पण आम्हाला वर्षातून दोनदा वसईला जावयाचे, सुमारे साडेतीनशे किलोमीटर, ट्रकांनी भरलेल्या त्या महामार्गावरून, दोन मुलांना मागे बसवून. दोन रात्री आम्ही उभयतांनी यावर बोलण्यात घालविल्या. एका पारड्यात आईचे गुडघे, दुसऱ्यात मुलांचे जीव.

शेवटी पंच या गाडीवर आलो. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात ती तयार होते. 2021 च्या चाचणीत प्रौढांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे. चाचणीचे नियम 2022 मध्ये अधिक कडक झाले, तेव्हा 2021 आणि 2023 चे तारे एकास एक मोजू नयेत, हेही मी ध्यानात घेतले. बैठक उंच, दारे सरळ काटकोनात उघडतात, त्यामुळे आईला आधी टेकून मग पाय आत घेता येतात. अगदी साध्या प्रतीची किंमत कर कमी झाल्यावर साडेपाच लाख. वाहनकर, विमा, नोंदणी धरून सव्वासहाच्या आसपास. तीत संगीताचे यंत्र नाही, चाकांना झळाळी नाही. मुलाने मला विचारले, “बाबा, गाण्यांशिवाय वसईपर्यंत काय करायचे?” त्याचे उत्तर आजीने दिले, पहिल्याच प्रवासात सुरतेपर्यंत दोन रोजऱ्या झाल्या.

विम्यात एक गोष्ट आग्रहाने घेतली. पुराने गाडीचे नुकसान झाले तर सर्वसमावेशक विम्यात भरपाई मिळते; पण पाण्यात उभी असलेली गाडी सुरू केली आणि इंजिनात पाणी शिरून ते निकामी झाले, तर ती भरपाई बहुधा नाकारली जाते. त्यासाठी थोडे अधिक पैसे भरून इंजिन-संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. विश्वामित्रीच्या काठी राहणाऱ्याला, आणि वसईच्या पाणथळ वाड्यांत राहणाऱ्यालाही, ती उपयोगाची आहे. पाणी भरलेच, तर गाडी सुरू करू नये, ओढून न्यावी.

नोव्हेंबरच्या एका रविवारी मिस्सेनंतर फादरांनी गाडीवर पवित्र पाणी शिंपडले. पुढच्या काचेवर शिंपडून ते वळणार, इतक्यात आईने त्यांना थांबविले आणि मागचे डावे दार उघडून धरले. “फादर, मी इथे बसते,” ती म्हणाली.