चालू आहे, पण बरं आहे का?

"तू रात्री लॅपटॉप उघडून नक्की काय बघत बसतोस?" हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांनी इतक्यांदा विचारलाय, की आज एकदाचं लिहूनच टाकतो. जे ब्लॉगवाले याच धंद्यात आहेत त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

तर मंडळी, कंटेनर म्हणजे एक डबा समजा. त्यात एखादा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान भरलेलं. डबा या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर नेला तरी आतला प्रोग्रॅम तसाच चालतो. 2013 मध्ये डॉकर आलं आणि असे डबे भरणं सोपं झालं. पुढच्याच वर्षी गूगलने कुबरनेटीज जाहीर केलं. ते शेकडो डबे एकदम सांभाळतं. नाव ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा. आमच्याकडे साठेक डबे आहेत आणि त्यांची तब्येत बघणं हे माझं काम. म्हणजे बघतं खरं तर यंत्रच, मी यंत्राकडे बघतो!

यंत्र दर दहा सेकंदांनी डब्याला विचारतं, "जिवंत आहेस का रे?" एका सेकंदात उत्तर यायला हवं. लागोपाठ तीनदा आलं नाही, की डबा बंद करून पुन्हा सुरू करतं. ही तपासणी आपण लावावी लागते, पण लावून आकडे तसेच ठेवले तर कुबरनेटीज असं वागतं. नुसत्या डॉकरमध्येही 2016 पासून तपासणी लावता येते. तिथे मात्र डब्याला 'आजारी' अशी पाटी लागते एवढंच, उठवायला आपणहून कोणी येत नाही.

आता खरी गोष्ट. गेल्या वर्षी आमच्याकडे एका पॅथॉलॉजी लॅबचं काम आलं. रिपोर्ट तयार झाला की पेशंटला मेसेज पाठवायचा, एवढंच त्या डब्याचं काम. तपासणी आधीपासून लावलेली होती. एका दुपारी लॅबमध्ये एका बाईंचा फोन आला. भावाचा रिपोर्ट सकाळी मिळणार होता, एक वाजला, डॉक्टर आता निघतील, काय करू? रिपोर्ट सकाळीच तयार होता. मेसेज गेला नव्हता. त्यांचाच नव्हे, चार तासांत कोणाचाच गेला नव्हता. आणि आमच्या पडद्यावर त्या डब्यासमोर हिरवा ठिपका, अगदी टवटवीत.

यंत्र खोटं बोलत नव्हतं. डब्याचा जो भाग प्रश्नांना उत्तर देतो तो ठणठणीत होता. मेसेज पाठवणारा भाग अडकून पडला होता आणि त्याला कोणी काही विचारतच नव्हतं. विचारलं होतं "आहेस का?", उत्तर आलं "आहे".

तुम्ही म्हणाल, मग त्या पहिल्याच प्रश्नात सगळं विचारून टाका की. डेटाबेस मिळतोय का, मेसेज जातायत का... तिथेही गोम आहे. डेटाबेस जरा मंदावला तर त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे डबे एकदम नापास होतात आणि यंत्र सगळ्यांनाच मारून पुन्हा उठवायला लागतं. दुखणं एकाचं, शिक्षा सगळ्यांना. म्हणून दुसरा प्रश्न वेगळा असतो, "काम घेशील का?" नाही म्हटलं तर डब्याला मारत नाहीत, फक्त त्याच्याकडे नवीन काम पाठवायचं थांबवतात.

आणि तिसरा प्रश्न आम्ही त्या दिवसानंतर लावला. शेवटचा मेसेज किती वाजता गेला? रांगेत मेसेज आहेत आणि दहा मिनिटांत एकही गेला नाही, तर यंत्राने स्वतः काही करायचं नाही, माणसाला उठवायचं. कारण बिघाड मेसेज कंपनीकडे असेल तर आपला डबा शंभरदा उठवून काय होणार?

पुन्हा उठवणं ही सोय आहे खरी, पण ती तापाच्या गोळीसारखी. गोळी घेतली, ताप उतरला, ऑफिसला गेलो. रोज घेतली तरी रोज उतरतो! आमचा आणखी एक डबा हळूहळू मेमरी खात जायचा, मर्यादा ओलांडली की मारला जायचा, पुन्हा उठायचा. वापरणाऱ्याला पत्ता नाही, ठिपका हिरवाच. फक्त 'रीस्टार्ट्स' नावाच्या रकान्यात 213 आकडा होता आणि मरण्याचं कारण म्हणून 137. मेमरी संपून मारलेल्या डब्यावर हाच आकडा दिसतो. सगळं लिहून ठेवलेलं होतं, पण बिघाड जाणवत नाही तोवर तो रकाना कोण वाचतो?

असो. ठिपके काढून टाका असं मुळीच म्हणत नाही, ते नसते तर माझी झोप केव्हाच गेली असती. पण हिरवा रंग म्हणजे आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. न विचारलेल्या प्रश्नांना रंग नसतो. त्यामुळे हल्ली सोमवारी सकाळी मी ठिपक्यांच्या आधी तो रकाना वाचतो. पाच मिनिटांचं काम आहे. या सोमवारी एकाच डब्याचा आकडा 4 वरून 11 झालेला दिसला. तक्रार कोणाचीच नाही. कारण शोधायला घेतलंय, सापडलं की लिहीन.