इनामाच्या खाली काय?

फारसी-अरबी शब्द दिसला की खोडायचा, हे माझं तरुणपणचं व्रत होतं. 'तारीख' दिसली की मी 'दिनांक' करायचो. परक्या शब्दांचा थर खरवडला की खाली निखळ मराठी लागेल, याची मला खात्री होती. ती डळमळली शिरूर तालुक्यातल्या इनामगावामुळे.

त्या नावातला 'इनाम' मला खुपायचा. अरबीत अर्थ कृपा, देणगी. तिथून फारसीत, फारसीतून दख्खनच्या सुलतानांच्या दप्तरांत आणि मग मराठीत: सनदेने दिलेली जमीन. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी इनाम हलला नाही. वैयक्तिक इनामं १९५२ च्या कायद्याने गेली. इनामदार हे आडनाव आणि कुस्तीच्या फडातलं इनाम मात्र राहिलं.

याच गावाजवळ घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांचं ते काम वाचताना मी तळ शोधत होतो. वर 'जोर्वे' या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या उत्तर काळातल्या गोल झोपड्या, त्याखाली आधीच्या जोर्वेकरांची चौकोनी घरं, सर्वांत खाली इसवीसनपूर्व १६०० च्या सुमाराची वस्ती. तिची भांडी माळव्याच्या वळणाची. शेतात सातू पिकायचा; तो मुळात पश्चिम आशियातला. लिपी नसल्याने ती माणसं कोणती भाषा बोलत, हे कळायची सोय नाही. म्हणजे तळाशीसुद्धा बाहेरून आलेलंच!

मग 'दुकान' घ्या. अरबी 'दुक्कान' म्हणजे बसायचा ओटा. अरबीने तो शब्द आरामीकडून घेतला. आमच्या वाण्याचं दुकान ओट्यावरच होतं: सकाळी फळ्या निघायच्या, मागे गादी, तराजू, गुळाची ढेप. मूळ अर्थ ठाऊक नसताना वाणी तो ओट्यावर बसून पाळत होता. तिकडे जॉर्जियात हाच शब्द 'दुकानी' झाला आणि थेट दारूच्या गुत्त्यावर जाऊन बसला. शब्द एकच, पण बसला त्या-त्या गावच्या रीतीने.

'दिनांक', 'महापौर' हे सावरकरांचे शब्द मी आजही हौसेने वापरतो. नवा शब्द घडवण्याची ती हिंमत मला आवडते. पण खोडरबर ठेवून दिलंय. शब्दाला आता कूळ विचारत नाही. मराठी प्रत्यय लागून तो वाक्यात सरळ चालला, 'इनामात', 'दुकानाला', की तो आपला.