फतेहपुरीचा मुक्काम

दिल्लीस चाललो आहे असे कळताच ज्या स्नेह्यांनी आपापल्या नातलगांचे पत्ते आपुलकीने लिहून दिले, त्या सर्वांचा विरस करून मी चांदणी चौकाच्या पश्चिम टोकाला, फतेहपुरी मशिदीलगतच्या एका गल्लीत, दिवसाला नऊशे रुपये भाड्याच्या हॉटेलात उतरावयाचे ठरविले, तेव्हा घरच्या मंडळींना ती माझी नेहमीची काटकसर वाटली. आणि एका स्नेह्याने तर, ‘चांदणी चौकातच राहायचे, तर दिल्लीपर्यंत कशाला जाता? आपला बावधनचा काय वाईट आहे?’ असा खास पुणेरी प्रश्नही केला. काटकसर खरीच होती, परंतु तिच्या आड एक जुने कुतूहल दडलेले होते. औरंगजेबाच्या अमदानीत हिंदुस्थानात काही वर्षे राहिलेल्या बर्निये नावाच्या फ्रेंच वैद्याने १६६३ साली दिल्लीचे वर्णन करणारे एक दीर्घ पत्र लिहिले, आणि त्यात जामा मशिदीच्या पाठोपाठ त्याने वाखाणली ती एखादी हवेली वा बाग नव्हे, तर एक सराई, परमुलखातून आलेल्या व्यापाऱ्यांची उतारशाळा. ती सराई आज नाही. परंतु सराई पडली म्हणून मुसाफिर यावयाचा थोडाच थांबतो? तो आता कोठे पथारी टाकतो, एवढे मला पाहावयाचे होते.

नवी दिल्लीच्या स्थानकावरून मेट्रोने दुसरेच स्थानक म्हणजे चांदणी चौक. पण भुयारातील त्या स्वच्छ, शीतल, निर्विकार प्रकाशातून वर आलो आणि सायकलरिक्षाने फतेहपुरीकडे निघालो, तेव्हा आपण केवळ जिना चढलो नसून काही शतके उतरलो आहोत, असा भास झाला. हातगाड्या, डोक्यावर पोती घेतलेले हमाल, आणि ‘बचके, बचके’ असा अखंड पुकारा. फतेहपुरीच्या कोपऱ्यावर तर डोळ्यांच्या आधी नाकाला कळले की खारी बावली आली. कारण मसाल्यांच्या त्या प्रचंड घाऊक पेठेतील लाल मिरचीचा खकाणा हवेत असा तरंगत असतो की, नवा मनुष्य नगरप्रवेश करतो तो शिंकतच. मी सात वेळा शिंकलो. माझा रिक्षावाला मागे न पाहता म्हणाला, ‘पहली बार आए हो, बाऊजी.’ त्याच्या वाक्यात प्रश्नचिन्ह नव्हते.

हॉटेल दुसऱ्या मजल्यावर होते. खाली वेलदोड्यांचे गोदाम आणि वर आम्ही. एका अरुंद मेजामागे बसलेल्या वयोवृद्ध कारकुनाने माझ्या आधार कार्डाची छायाप्रत ठेवून घेतली आणि तांबड्या पुठ्ठ्याची एक लांबलचक वही माझ्यापुढे सरकविली. नाव, वय, कोठून आलात, कोठे जाणार, येण्याचे प्रयोजन, अशा तिच्या रकान्यांपैकी शेवटच्या रकान्यापाशी मी जरा घुटमळलो. ‘सराई पाहण्यासाठी’ असे लिहावे असा मोह झाला. पण म्हाताऱ्याने तत्परतेने ‘घूमना’ हा शब्द सुचविला आणि मी तो निमूटपणे लिहिला. या वहीलाही वंशावळ आहे. दिल्लीला आगगाडी पोहोचली ते साल १८६७. आणि त्याच साली इंग्रज सरकारने सराईंविषयीचा कायदा करून प्रत्येक सराईवाल्याने मॅजिस्ट्रेटच्या दफ्तरी आपली सराई नोंदवावी, ती स्वच्छ राखावी आणि हुकूम होईल तेव्हा मुक्कामास असलेल्या माणसांची खबर द्यावी, असा बंदोबस्त केला. सत्तावन्नचे बंड होऊन अवघी दहा वर्षे लोटली होती. अपरिचित मनुष्य गावात आला की राज्यकर्त्याच्या छातीत धडकी भरण्याचे ते दिवस होते. राज्यकर्ते गेले, धडकी गेली, सराईही गेली. वही तेवढी राहिली.

खोलीचे वर्णन करण्यासारखे फारसे काही नव्हते. एक खाट, एक आरसा, भिंतीच्या वरच्या अंगाला मागील गल्लीत उघडणारी एक झडप आणि ओल लागून पोपडे सुटलेले छत. त्या झडपेतून रात्री उशिरापर्यंत गाड्यांवर पोती पडल्याचे धप्प आवाज येत होते, आणि गल्लीतला प्रत्येक नवा खकाणा माझ्याकडे हजेरी लावून जात होता. पहाटे कोठे शहर निवले. आणि त्या क्षणिक नीरवतेत फतेहपुरीच्या मिनारावरून अजान उमटली. १६५० साली शाहजहानच्या ज्या बेगमेने ही मशीद बांधविली, तिच्या नावानेच हा परिसर ओळखला जातो. सत्तावन्ननंतर इंग्रजांनी या मशिदीचा लिलाव केला आणि लाला चुन्नामल या धनाढ्य व्यापाऱ्याने ती एकोणीस हजारांना विकत घेतली. परंतु तिच्या वास्तूला त्याने धक्का लागू दिला नाही, आणि पुढे १८७७ साली, दिल्लीदरबाराच्या वर्षी, ती मूळ उपासकांना परत मिळाली. विकली गेलेली मशीद एका हिंदू सावकाराच्या मालकीत जवळजवळ वीस वर्षे अखंड उभी राहावी, ही हकिकत मला या गजबजलेल्या पेठेच्या स्वभावाचा दाखला वाटते.

डिसेंबरचा प्रारंभ होता आणि हॉटेलातील ऊन पाण्याचे यंत्र बिघडलेले होते; तेव्हा सकाळी प्रत्येकास बादलीने पाणी पुरविण्याचे ठरले. बादल्या दोन आणि उतारू अकरा. त्या रांगेत माझ्यापुढे खांद्यावर शाल घेतलेला, उंच, पिंगट दाढीचा एक गृहस्थ उभा होता. आपली पाळी आली असता त्याने हाताने मला पुढे होण्याची खूण केली, ‘आप बुज़ुर्ग हैं’ असे म्हणाला, आणि मी संकोचाने नकार दिला तरी त्याने माझे ऐकले नाही. तो कंदाहारचा सुक्या मेव्याचा व्यापारी असून खारी बावलीतील आपली वसुली करण्यासाठी आला होता, हे मला नंतर कारकुनाकडून कळले. परदेशी उतारू म्हणून त्याच्यासाठी निराळा फॉर्म भरावा लागतो, ही तक्रारही त्याच वेळी ऐकावयास मिळाली.

स्नान करून मी पूर्वेकडे, किल्ल्याच्या रोखाने चालू लागलो. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत या हमरस्त्यावर मोटारींना मज्जाव असतो. परंतु त्यामुळे येथे शांतता नांदत असेल असा कोणी समज करून घेऊ नये. शाहजहानने १६३९ साली यमुनाकाठी किल्ल्याचा पाया घातला आणि १६४८ साली तो आपल्या नव्या राजधानीत राहावयास आला. त्यानंतर दोनेक वर्षांत त्याची वडील कन्या जहाँआरा हिने या रस्त्यावर चौक वसविला. रस्त्याच्या मध्यातून कालवा वाहत असे, चौकात हौद होता, आणि त्या हौदातील चंद्रप्रकाशावरून चौकाला हे नाव पडले असे सांगतात. हौदाच्या उत्तरेला तिने सराई बांधली आणि सराईच्या मागे बाग. बर्निये सांगतो की, ही सराई पॅरिसमधील राजचौकासारखी कमानींची व दुमजली होती. तीत इराणी, उझबेक आणि इतर परदेशी धनिक व्यापारी उतरत. रात्री दरवाजा बंद होत असल्यामुळे ते तेथे निर्धास्त झोपत. पॅरिसमध्ये अशा वीसेक सराया असत्या, तर नवख्या माणसाची केवढी सोय झाली असती, असेही तो हळहळून लिहितो. आपल्या राजधानीविषयी सदैव अभिमानाने लिहिणाऱ्या एका फ्रेंच मनुष्याकडून हा कबुलीजबाब निघावा, ही त्या राजकन्येच्या दूरदृष्टीला मिळालेली मोठीच पावती होय.

सत्तावन्ननंतर इंग्रजांनी जी पाडापाडी केली तीत ही सराई भुईसपाट झाली, आणि तिच्या जागी साठनंतरच्या दशकात टाऊन हॉल उभा राहिला. मी त्याच्यासमोर बराच वेळ थांबलो. पिवळसर भिंतींची ती इमारत वर्षानुवर्षे नगरपालिकेची कचेरी होती. पुढे स्वामी श्रद्धानंदांचा पुतळा आहे, आणि तोही जेथे पूर्वी व्हिक्टोरिया राणी बसली होती तेथे. १९१९ च्या मार्चअखेर याच परिसरात स्वामींनी शिपायांच्या बंदुकांपुढे आपली छाती उघडी केली होती. मुसाफिरांच्या निवाऱ्याच्या जागी कचेरी यावी, हा राज्यकारभाराचा रिवाजच आहे. परंतु जिने हजारोंच्या डोक्यावर छप्पर घातले, त्या जहाँआरेने १६८१ साली देह ठेवताना स्वतःच्या थडग्यावर मात्र छप्पर नको, केवळ गवत असावे, अशी इच्छा ठेविली होती. आणि निजामुद्दीनच्या दर्ग्यात ते थडगे आजही आकाशाखाली आहे.

पुढचा रस्ता म्हणजे इतिहासाचे एक न मिटणारे दफ्तर. जुन्या कोतवालीच्या जागेलगत, जेथे गुरू तेगबहादुरांचा १६७५ साली शिरच्छेद झाला, तेथे शीशगंज गुरुद्वारा. त्याला लागून रोशनुद्दौल्याची सोनेरी मशीद, जेथे बसून नादिरशहाने मार्च १७३९ मध्ये शहराची कत्तल चालू ठेविली. आणि किल्ल्याच्या अलीकडे गौरीशंकराचे देऊळ, जे पानिपतच्या वर्षी अप्पा गंगाधर या मराठी सरदाराने बांधविले अशी परंपरा आहे. या देवळाच्या पायऱ्यांवर मला थोडी घरची ऊब वाटली. किल्ल्यात गेल्यावर मात्र ती उरली नाही.

दिवाण-इ-खासमध्ये संगमरवराचे खांब सकाळच्या उन्हात शुभ्र चकाकत होते. मी मान वर करून छत पाहिले. ते लाकडी, रंगविलेले आहे. तेथे पूर्वी चांदी होती. ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवराव भाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा फौजेचा रोजमुरा थकलेला, पुण्याहून येणारा पैसा आटलेला, आणि हजारो तोंडे अन्नाची वाट पाहत असलेली. अशा पेचात भाऊंनी हे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडले. शाळेत असताना हा प्रसंग आम्ही एका ओळीत वाचला होता आणि त्यात मोहिमेची निकड तेवढी दिसली होती. परंतु आदल्या रात्री पोपडे सुटलेल्या छताखाली, भाडे भरलेला उतारू म्हणून निजलो असल्यामुळे, तीच ओळ मला आज निराळी दिसली. आम्ही दिल्लीस आलो ते रक्षणकर्ते म्हणून, आणि यजमानाच्या घराचे छत घेऊन गेलो. पुढे महादजी शिंद्यांनी १७७२ साली शाहआलमला याच किल्ल्यात आणून बसविले. गुलाम कादिराने त्या दुर्दैवी बादशहाचे डोळे काढल्यावर मराठी फौजेनेच त्याला सोडविले. आणि १८०३ साली पटपडगंजच्या लढाईने हा सारा अंमल संपविला. हिंगण्यांसारखे पेशव्यांचे वकील येथे वर्षानुवर्षे राहून पुण्यास पत्रे धाडीत राहिले. ती पत्रे म्हणजे, वेगळ्या अर्थाने, ‘कोठून आलात, कोठे जाणार’ या रकान्यांचीच दीर्घ पूर्ती होय. कारण इतक्या पराक्रमानंतरही मराठा दिल्लीत मुसाफिरच राहिला.

संध्याकाळी हॉटेलाच्या गच्चीवर तो कंदाहारी गृहस्थ एकटाच बसला होता. खाली गोदामांची दारे ओढली जात होती. त्याने मला बसावयास सांगितले, शालीखालून एक पुडी काढून पुढे धरली, आणि मी पुण्याचा आहे हे ऐकताच पटकन म्हणाला, ‘पूना? तो सांगली आपके नज़दीक हुआ?’ सांगलीविषयीचे कंदाहारचे हे अगत्य पाहून मी चकित झालो. पण त्याचा खुलासा लगेच झाला. तासगाव-सांगलीकडचा बेदाणा खारी बावलीत येतो, तो स्वस्त असतो, आणि त्यामुळे त्याच्या मालाचा भाव पडतो, अशी त्याची तक्रार होती. त्याने आपल्या पुडीतला लांबट, हिरवट बेदाणा माझ्या तळहातावर ठेवला आणि माझा अभिप्राय विचारला. स्वदेशाभिमान बाजूस ठेवून सांगावयाचे तर तो अधिक गोड होता. पण मी सांगलीची बाजू सोडली नाही, आणि आमचा वाद दिवेलागणीपर्यंत चालला.

अहमदशहा अब्दाली १७४७ साली कंदाहारास गादीवर बसला, आणि तेथेच त्याचे थडगे आहे. १७५७ साली त्याने हीच पेठ लुटली. १४ जानेवारी १७६१ रोजी त्याच्या फौजेने पानिपतावर आमचे भाऊ, विश्वासराव आणि पुण्याच्या घराघरातील मनुष्य मारला. त्याला दिल्ली राखता आली नाही, आम्हालाही आली नाही. हे सारे माझ्या ओठांवर आले होते. परंतु समोरचा मनुष्य उधारी वसूल न झाल्यामुळे चिंतेत होता आणि घरी धाकटी मुलगी आजारी असल्याचे सांगत होता, तेव्हा मी ते गिळले. बर्नियेने पाहिलेल्या सराईची खरी थोरवी तिच्या कमानींत नव्हती, हे मला त्या गच्चीवर उमगले. ज्यांचे राजे एकमेकांचे गळे कापीत होते, त्यांना एका भाड्यात, एका दरवाजाआड, शेजारी शेजारी निजू देण्यात ती होती. तेवढे काम हे ओल आलेले हॉटेलही, अजाणता का होईना, करीत होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघताना कारकुनाने पुन्हा ती तांबडी वही उघडली आणि जाण्याची वेळ लिहून सही करण्यास सांगितले. पानावर बोट फिरवीत मी माझी ओळ शोधली. तिच्या खाली, मी आलो त्याच रात्री झालेली नोंद त्या कंदाहारी गृहस्थाची होती. ‘कोठून आलात’ या रकान्यात पुणे, आणि त्याखाली कंदाहार. दोन्ही शब्द म्हाताऱ्याच्या एकाच निळ्या शाईच्या दौतीतून उतरलेले होते, आणि प्रयोजनाच्या रकान्यात त्याच्या नावापुढे लिहिले होते, ‘बेदाणा’.