गोधडीचा हिशेब

दिवाळी पंधरवड्यावर आली की सांगलीसारख्या गावातील मंगल कार्यालयांना वेगळेच रूप येते. लग्नसराई तुळशीच्या विवाहानंतरची. तोवर रिकामी राहणारी सभागृहे हस्तकलेच्या आणि भेटवस्तूंच्या प्रदर्शनांनी भरून जातात. सावंतवाडीची लाकडी फळे, येवल्याची पैठणी, जयपूरच्या बांगड्या, वारली चित्रे काढलेल्या पणत्या, बचत गटांच्या चकल्या आणि आकाशकंदील असा सगळा पसारा एका छपराखाली येतो. व्यापारी कुटुंबांची तेथे अधिक वर्दळ असते. घरच्या खरेदीखेरीज त्यांना आणखी एक काळजी असते, दुकानातल्या माणसांना यंदा काय द्यावे याची. पूर्वी मिठाईचा पुडा आणि शर्टपीस यांवर भागत असे. आता घरातील तरुण मंडळींना ‘काहीतरी वेगळे’ हवे असते.

कापडपेठेतील एका जुन्या दुकानाचे कुटुंब अशाच एका दुपारी प्रदर्शनाला गेले. दिवाळीच्या तोंडावर दुकान बंद ठेवणे शक्यच नव्हते. धाकट्या मुलाला गल्ल्यावर बसवून आप्पा, आक्का, थोरला मुलगा, सून आणि महाविद्यालयात शिकणारी नात अशी पाच माणसे निघाली. आक्कांची अट एकच होती, पाचला परतायचे. सूर्यास्त सहाच्या सुमारास, आणि घरातील कोणी दिवस मावळल्यावर जेवत नाही. सुनेच्या हातातील यादीत वरच्या बाजूस लिहिले होते, ‘दुकान – 16 माणसे – प्रत्येकी 500’.

सुरुवातीच्या दालनांत फारसा वेळ गेला नाही. चामड्याच्या वस्तूंपुढून सारे न थांबता पुढे गेले. लाखेच्या बांगड्यांपाशी सून थबकली, तेव्हा आक्कांनी नुसते नकारार्थी हात हलवले. लाख म्हणजे झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या बारीक किड्यांचा स्राव. तो खरवडून काढताना त्या जिवांचा संहार होतो. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत हस्तिदंताच्या व्यापाराबरोबर लाक्षावाणिज्यही सांगितले आहे. हे नियम बाजाराच्या बाहेर बसून केलेले वाटत नाहीत. कोणता माल कशातून येतो, याची पक्की माहिती असलेल्या माणसांनी ते व्यापाऱ्यांसाठीच घालून दिलेले दिसतात.

पैठणीच्या दालनात आप्पांचे डोळे जागे झाले. विक्रेता ‘अस्सल हातमाग’ म्हणत पदर पसरत होता. आप्पांनी काही न बोलता पदर उलटा केला. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. येथे उलट्या बाजूला कापलेल्या धाग्यांची दाटी होती. माल यंत्रमागाचा होता. यंत्रमागाची पैठणी विकण्यात काही गैर नाही, ती स्वस्त पडते आणि अनेकींची हौस भागवते. तिला हातमागाची म्हणून विकणे गैर. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या वजनामापांच्या जोडीला ‘प्रतिरूपक व्यवहार’ हा शब्द आहे, तो नेमका याच प्रकारासाठी. आप्पांनी पदर घडी करून परत दिला. “कापड चांगलं आहे, नाव तेवढं बदला,” एवढे म्हणून ते पुढे गेले.

पुढचे दालन रेशमी स्टोलचे होते आणि वर पाटी होती, ‘अहिंसा रेशीम’. नातीने विचारले, “यात किडा मरत नाही, हे खरं का?” विक्रेत्याने पाटीकडे बोट दाखवले.

प्रश्न साधा नव्हता. नेहमीच्या तुती रेशमात कोशातील जीव उष्णतेने मारला जातो, कारण पाकोळी कोश फोडून बाहेर आली की शेकडो मीटर लांबीचा अखंड धागा तुटतो. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पाकोळी उडून गेल्यावर उरलेल्या कोशापासून सूत कातून कापड विणण्याची रीत रुजवली; अहिंसा रेशीम हे नाव त्यातून पुढे आले. एरी रेशमाचा कोश तर मुळातच एका टोकाला उघडा असतो, आणि त्याचे सूत कापसासारखे कातले जाते. मात्र आसाम-मेघालयात एरीच्या कोशातील अळी खाद्य म्हणून वापरतात. तेव्हा ‘एरी’ हे नाव असल्याने जीव वाचला, असे होत नाही. आप्पांनी विचारले, “पाकोळी गेल्यावर कोश घेतात, हे तुम्ही पाहिलंय?” विक्रेता प्रामाणिक होता. “आम्ही फक्त विकतो, काका,” तो म्हणाला.

आक्कांनी एका चातुर्मासात महाराजांचे प्रवचन ऐकून रेशीम सोडले, त्याला आता पंचवीस वर्षे होतील. दुकानातील रेशमी साड्यांचे कपाट मात्र जागचे हलले नाही. लग्नाच्या याद्या घेऊन येणारे गिऱ्हाईक रेशमावाचून परतले असते. नात आजोबांकडे पाहत होती. आप्पांनी त्या दृष्टीला उत्तर दिले नाही, आणि टाळलेही नाही. “ते कपाट हा तुझ्या बापाचा आणि माझा जुना वाद आहे,” ते म्हणाले. मुलाने घड्याळ पाहिले.

चार वाजत आले तरी सोळा भेटी ठरल्या नव्हत्या. शेवटच्या रांगेत, पंख्याचा वारा न पोहोचणाऱ्या कोपऱ्यात, मिरजेकडच्या एका बचत गटाच्या दोघी गोधड्या घेऊन बसल्या होत्या. सुती कापडाचे तुकडे जोडून, आत मऊ जुनी लुगडी घालून, वरून दाट धावदोरा घातलेल्या लहान गोधड्या. कडेला वेगळ्या रंगाची पट्टी आणि चार कोपऱ्यांना चार त्रिकोण. आक्का खाली बसल्या आणि त्यांनी टाक्यांवरून बोटे फिरवली. किंमत 650.

मुलाने सवयीने सुरुवात केली. “सोळा घेतो. पाचशेला द्या.”

घासाघीस हा काही दोष नव्हे. भाव मोडून घेणे आणि भाव धरून ठेवणे ही बाजाराची जुनी भाषा आहे, आणि ती दोन्ही बाजूंना येत असेल तर कोणाचे नुकसान होत नाही. त्या बाईला ती येत नव्हती. सकाळपासून भवानी झाली नव्हती. तिने सोबतिणीकडे पाहिले आणि ती ‘बरं’ म्हणणार, इतक्यात आप्पा पुढे झाले.

“थांबा. ही तुम्हाला पडते केवढ्याला?”

प्रश्न ऐकून ती गोंधळली. भाव कमी करण्याची ही नवी तऱ्हा असावी, असे तिला वाटले असणार. आप्पांनी स्टूल ओढून घेतले आणि खिशातील पेन काढून प्रदर्शनाच्या पत्रकामागे आकडे मांडले. कापड दीडशे. दोरा चाळीस. गाळ्याचे भाडे आणि टेम्पो, गटात वाटून एका नगावर सत्तर. झाले दोनशे साठ. उरले तीनशे नव्वद. “शिवायला किती दिवस?” “सहा. घरचं आवरून रोज चार तास बसते.” म्हणजे चोवीस तास. आप्पांनी भागाकार केला आणि कागद मुलापुढे धरला.

“तासाला सव्वासोळा रुपये. तू म्हणतोस त्या भावात दहा.”

मुलाने कागद पाहिला. तो निर्दय माणूस नव्हे; दुकानातील माणसांच्या आजारपणात रात्री धावून जाणारा आहे. पण खरेदीच्या वेळी समोरच्याच्या बाजूचा हिशेब मांडायचा, हे त्याने कोठे पाहिले नव्हते. आप्पांनी ते एकदा दुसऱ्या बाजूने पाहिले होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी बाजारपेठेत शिरले, दुकानात चिखल साचला आणि भिजलेल्या ताग्यांना वास येऊ लागला. तेव्हा बाहेरगावचा एक घेणारा आला होता. त्याने तागा उलगडूनही पाहिला नाही. किलोचा भाव सांगितला आणि दारात उभा राहिला. त्याला ठाऊक होते की हा माणूस नाही म्हणू शकत नाही. आप्पांनी माल दिला. त्या भावाबद्दल ते नंतर कधी बोलले नाहीत, त्या माणसाच्या उभे राहण्याबद्दल मात्र बोलत.

“साडेसहाशेला सोळा,” आप्पा म्हणाले. “आणि पुढच्या वर्षी साडेआठशे लावा. विकली गेली नाही तर लहान करा, पण टाका स्वस्त करू नका.”

सुनेने यादीतील 8,000 खोडून 10,400 लिहिले. अडचण निराळीच निघाली. तयार गोधड्या सातच होत्या. बाई म्हणाली, “धनत्रयोदशीपर्यंत देते, रात्री जागून करू.” आप्पांनी मान हलवली. उरलेल्या नऊ कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालतील, आणि त्यांचे निम्मे पैसे आताच. सात कोणाला आणि नऊ कोणाला, हा पेच सुनेवर आला. तिने दुकानातील सर्वांत नव्या माणसापासून सुरुवात करायचे ठरवले, कारण जुनी माणसे समजून घेतील.

गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. आयर्विन पुलाकडे वळताना नातीने विचारले, “बाबा, आपण फॉल लावणाऱ्या मावशींना साडीमागे किती देतो?”

दुकानातून साडी घेतली की फॉल-बीडिंग करून देण्याची सोय आहे. तीन बायका घरी बसून ते काम करतात. हाताने फॉल लावायला तास जातो.

“चाळीस,” वडील म्हणाले. थोड्या वेळाने जोडले, “सव्वासोळापेक्षा बरे.”

“आणि गिऱ्हाइकाकडून घेतो किती?”

“एकशे वीस. त्यात फॉलचं कापड आपलं.”

आप्पा पुढच्या आसनावर बसले होते. त्यांनी मागे न वळता विचारले, “चाळीस कधी ठरले?”

मुलाला आठवावे लागले. पुराच्या वर्षी. दुकान पुन्हा उभे राहत होते, तेव्हा तिघींनी आपण होऊन सांगितले होते, की यंदा दर वाढवून नको. त्यानंतर त्यांनी कधी मागितले नाही, आणि दुकानातील कोणाला आठवण राहिली नाही.

घरी पोहोचेपर्यंत साडेपाच वाजले होते. आक्कांनी पाने वाढली. जेवताना आप्पांनी जुन्या वह्या कोणत्या कपाटात आहेत ते विचारले, आणि हात धुऊन ते थेट तिकडे गेले. अमावास्येच्या पहाटे मंदिरात निर्वाणलाडू चढेल, दुसऱ्या दिवशी पाडव्याला नवे वीर निर्वाण संवत आणि नवी वही सुरू होईल. त्याआधी तिघींना दुकानात बोलावून घे, असे त्यांनी आतूनच मुलाला सांगितले. आणि दर त्यांनाच आधी सांगू दे.