करवीरचीं गलबतें

आम्ही कोल्हापूरचे. समुद्राशीं आमचा संबंध सुरमई आणि सुट्टी एवढाच, अशी पन्नाशी उलटेपर्यंत आमची समजूत होती. वर्गांत मात्र आम्ही वीस-पंचवीस वर्षें आंग्ल कवींच्या नौका हांकीत आलों आहों. मास्ट, यार्ड, रडर हे शब्द आम्हांस तोंडपाठ.

मागल्या हिंवाळ्यांत मालवणास गेलों आणि सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होडींत बसलों. म्हातारा तांडेल इंजिनाच्या वर आवाज चढवून जुन्या शिडाच्या होड्यांविषयीं सांगत होता. 'डोलकाठी' आम्हांस कळली. 'परबाण' म्हणतांच आम्ही निमूटपणें मान हालविली. म्हातारा चतुर. डोलकाठीवर तिरकें चढवून ज्याला शीड बांधतात तें लांब लांकूड, असें त्यानें हातानें दाखविलें. म्हणजे यार्ड! मातृभाषेंतील शब्दाचा अर्थ आम्हांस इंग्रजींतून लागला.

"खंयसून इलास?"

"कोल्हापूरहून."

"मगे ह्यो किल्लो तुमच्याच राजाचो!"

घरीं येऊन पुस्तकें काढलीं. म्हाताऱ्याचें म्हणणें खरें. 1664 सालीं शिवछत्रपतींनीं बांधावयास घेतलेला हा दुर्ग पुढें करवीर राज्यांत होता, आणि त्याच्या आश्रयास करवीरचीं गलबतें असत. इंग्रज त्यांस चांचे म्हणत. त्यांचा धंदाच बुडत होता, म्हणणारच! गलबत कांहीं मोठें जहाज नव्हे. ऑर्म या अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकारानें त्याचें वर्णन करून ठेविलें आहे: वजन सहसा 70 टनांच्या आंत, डोलकाठ्या दोन, मागची अगदीं लहान, पुढचीवर मोठें त्रिकोणी शीड, हलक्या तोफा सहा-आठ, आणि वल्हीं 40 ते 50. खरी मौज या वल्ह्यांत. वारा पडला कीं परक्यांचें उंच जहाज जागच्या जागीं खिळे. गलबतें मात्र वल्ह्यांच्या जोरावर आपल्या गुराबांस ओढीत नेत. इंग्रजी कागदांत त्यांस 'गॅलिव्हॅट' म्हटलें आहे. ('डिंगी' हाही इंग्रजी कोशांतला शब्द हिंदुस्थानांतूनच तिकडे गेलेला.)

1765 त इंग्रजांनीं किल्ला घेऊन त्याचें 'फोर्ट ऑगस्टस' असें बारसें केलें. तो लवकरच परत दिला. 1812 च्या तहानें मात्र मालवण कायमचें गेलें, आणि त्याबरोबर गलबतेंही.

दुसऱ्या आठवड्यांत फळ्यावर जहाज काढून 'यार्ड'पुढें आम्ही ऐटींत 'परबाण' लिहिलें. मागच्या बांकावरची देवगडची मुलगी हंसली. "सर, याचें पुढचें टोंक इतकें वर नसतें," म्हणाली, आणि खडू घेऊन तिनें आमचें शीड दुरुस्त केलें.