गळ, गिरमिट आणि चार परस पाणी

१९ डिसेंबर, येळवस

येळवशीचं, म्हणजे वेळ अमावस्येचं, जेवायला बहिणीच्या शेतात गेलो होतो. कळंबच्या बाजूला, मांजरा धरणाचं फुगवट्याचं पाणी जिथे ज्वारीला येऊन टेकतं तिथे तिचा मळा आहे. भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली गार आंबील पोटात गेल्यावर बाकीची मंडळी कोपीत आडवी झाली. मी काठावर जाऊन बसलो, खिशात पुतण्याने पाठवलेली डबी होती.

पुतण्या कॅनडात बॅरी नावाच्या गावी असतो. सिमको सरोवराच्या काठावरचं गाव. हिवाळ्यात सरोवर गोठलं की लोक बर्फाला भोक पाडून त्यातून ‘लेक ट्राउट’ धरतात, आणि यंदा त्यालाही हा नाद लागलाय. त्याचा एक मित्र पुण्याला येणार होता, त्याच्या हाती मला ही डबी आली. आत बोटाएवढ्या, शेपटीला झालर असलेल्या दोन पांढऱ्या रबरी नळ्या होत्या, त्यांच्या पोटात बसवायचे शिशाच्या डोक्याचे दोन गळ होते, चांदीच्या रंगाचा निळी कड असलेला एक चमचा होता आणि पारदर्शक दोऱ्याचं एक रीळ. सोबत चिठ्ठी : “काका, मांजऱ्यात टाकून बघा.”

मला गळाचा नाद निवृत्तीनंतर लागला. आमच्या धरणाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असतो. तिचे एक जुने सभासद, भोई तात्या, मला शेजारी बसू देतात. म्हणजे मी उमेदवारच.

२३ डिसेंबर

डबी तात्यांना दाखवली. चमचा उन्हात फिरवून त्यांनी भुवया उडवल्या.

“गुरुजी, ह्यानं जेवतेत का मासे धरतेत?”

हा चमचा पाण्यात ओढला की डुलत, लखलखत जातो आणि जखमी मासळीसारखा दिसतो, असं सांगितलं. तात्यांना ते लगेच पटलं. “मंग ह्यो मरळीचा माल. रोहूला दावून काय उपेग? रोहू काय मासे खातंय व्हय?”

पुतण्याने मला फोनवर अर्धा तास जे समजावलं होतं ते तात्यांनी एका वाक्यात उरकलं. सामान निवडताना पहिला प्रश्न दुकानदाराला विचारायचा नसतो, माशाच्या तोंडाला विचारायचा असतो. मृगळ खाली तळाशी चरतं, रोहू मधल्या पाण्यात, कटला वर तोंड करून पाण्यातले बारीक जीवजंतू गाळून खातो. त्यांच्यासाठी शेंगदाण्याची पेंड आणि कणीक. चिलापीला गांडूळ. मरळ शिकारी, तिला बेडूक किंवा लहान मासळी लागते. लेक ट्राउट मोठं झालं की आपल्याहून लहान मासे गिळूनच जगतं, म्हणून त्याच्यापुढे कणकेची गोळी धरणं म्हणजे वाघापुढे कडबा टाकणं.

२८ डिसेंबर

सकाळी इतका गारठा की दोरी धरवत नव्हती. साडेसात ते साडेदहा, तीन तासांत एकही ओढ नाही. अकराला ऊन काठच्या उथळ पाण्यावर आलं आणि मोरपिसाची दांडी एकदाची हलली. पावशेर भरेल अशी चिलापी.

मोराच्या पिसाचा देठ हा तात्यांचा तरंगा. हलका, आणि उभा राहतो, त्यामुळे माशाने नुसतं हुंगलं तरी टोक थरथरतं. पिसं रानात गळून पडलेलीच वेचलेली असतात. आपल्या जिल्ह्यात पाटोद्याकडे नायगावला मोरांसाठी राखलेलं अभयारण्यच आहे, तिथल्या पिसांना मात्र हात लावायचा नाही, असा तात्यांचाच दंडक.

थंडीत आमचा मासा का खात नाही, हे रात्री पुतण्याला सांगितलं. माशाचं अंग पाण्याएवढंच गरम असतं. पाणी गार झालं की रोहू-कटल्याचं पचन मंदावतं, भूक मरते. म्हणून हिवाळ्यात आमचा गळ बारीक, गोळी हरभऱ्याएवढी आणि वेळ दुपारची. तो हसून म्हणाला, “काका, आमचं नेमकं उलटं आहे. लेक ट्राउटला उन्हाळा सोसत नाही. पाणी तापलं की तो गारव्यासाठी खोल जाऊन बसतो. थंडीत सगळंच पाणी गार, मग तो तळापासून बर्फाच्या बुडापर्यंत कुठेही हिंडतो.”

शाळेत शिकवलेलं आठवलं : पाणी चार अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. म्हणून ते तळाशी बसतं, त्याहून थंड पाणी वर राहतं आणि बर्फ वरूनच धरतो. तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. त्या चार अंशांत पोहणाऱ्या माशाचा विचार आज पहिल्यांदा केला.

२ जानेवारी

पुतण्या वैतागलाय. सरोवराचे उथळ भाग गोठले, पण बॅरीसमोरची केम्पेनफेल्ट खाडी अजून उघडीच. सिमकोचं सर्वांत खोल पाणी तिथेच आहे, जवळजवळ ४१ मीटर, आणि खोल पाणी उशिरा गोठतं. माणसाचं वजन पेलायला निदान चार ते सहा इंच निकोप बर्फ लागतो.

रिकामा बसलाय म्हणून त्याने कॅमेरा फिरवून सामान दाखवलं. काठी जेमतेम तीन फुटांची. मला ती मुलांच्या खेळण्यातली वाटली. पण तिथे माणूस भोकाच्या डोक्यावरच बसतो, लांब काठी घेऊन करणार काय? आमचा कळक बारा फुटी, कारण आम्हाला काठावरून, पाणकणसाच्या पलीकडे गोळी पोहोचवायची असते. माणूस कुठे बसणार त्यावर काठीची लांबी ठरते.

दोऱ्याचंही तसंच. आमचा तंगूस ताणला की लांबतो, आणि ते बरंच आहे, चिलापीचा नाजूक ओठ फाटत नाही. पण ऐंशी फुटांवर मासा लागला तर ताणणारा दोरा सगळा झटका स्वतःच पिऊन टाकतो, गळ माशाच्या जबड्यात रुततच नाही. म्हणून तिथे विणलेला, न ताणणारा दोरा वापरतात. तो माशाला दिसतो, शिवाय पाणी पिऊन गोठतो, म्हणून शेवटचे काही फूट पारदर्शक दोऱ्याचे जोडतात. डबीतलं रीळ त्यासाठी होतं तर!

८ जानेवारी

केजच्या बाजारात गळ घ्यायला गेलो. कागदाच्या पुडीत मिळतात. “मोठा द्या,” म्हणून मी बारा नंबर मागितला आणि दुकानातलं पोरगं हसलं. गळाची गिनती उलटी असते. बारा नंबर बारीक, सहा नंबर त्याहून मोठा, एक नंबर आणखी मोठा. एकाच्या पुढे शून्य लावून पुन्हा सुलटी मोजणी सुरू होते : एक-शून्य, दोन-शून्य, आणि गळ वाढतच जातो. निवृत्त गणित शिक्षकाची बाजारात अशी फजिती.

दहा आणि सहा नंबर घेतले. चिलापीचं तोंड लहान, तिला दहा. मरळीला एक-शून्य हवा होता, तो नव्हता.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन तात्यांकडे गेलो. त्यांच्या वाड्यात दोन दारांना कुलपं. पोरं-सुना ऊसतोडीला गेलेली, दिवाळीनंतर गेली ती उन्हाच्या तोंडाशीच येतील. तात्या मागे राहिलेत ते नातवंडांची शाळा आणि तराफा सांभाळायला.

चमचा मरळीवर लावून पाहिला. पाणकणसाच्या कडेला फेकला, दोनदा ओढला, तिसऱ्यांदा पाण्यातल्या बाभळीच्या खोडात असा अडकला की दोरा तुटून हातात आला. कॅनडाचा चमचा मांजऱ्याला अर्पण. तात्यांनी कपाळाला हात लावला.

“तिथं बाभळी हायत हे म्या सांगितलं नव्हतं का?”

सांगितलं नव्हतं. पण मला ठाऊक असायला हवं होतं, कारण त्या बाभळी मी स्वतः पाहिल्या होत्या, खोडाला हात लावून.

१५ जानेवारी

काल रात्रभर २०१६ आठवत राहिलं.

त्या उन्हाळ्यात धरण आटलं होतं. मांजऱ्याचा एकूण साठा सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर, त्यातला ४७ हा मृतसाठा, पाणी सोडायच्या सर्वांत खालच्या दाराच्याही खालचा. त्या वर्षी तोही उपसला गेला. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, १२ एप्रिलला दहा वाघिणींची पहिली गाडी पोहोचली. लोक ती बघायला स्थानकावर गेले. आम्ही धनेगावला धरणाचा तळ बघायला गेलो.

भेगा एवढ्या की बैलाचा पाय अडकावा. बुडालेल्या शेतांचे बांध दिसत होते, गाडीवाट दिसत होती, बाभळीची काळी खोडं आणि मधोमध घडीव दगडाची एक विहीर. तात्या पुढे, मी मागे. ते जागोजागी थांबून सांगत होते : इथं मृगळ चरायचं, इथं जाळं फाटायचं. पायाखाली शिंपले चुरत होते. मी घाबरून गप्प होतो. तात्यांची नजर मात्र कामावर होती. उद्याच्या पाण्यासाठी ते सगळं डोक्यात भरून घेत होते.

२५ जानेवारी

खाडी गोठली! पुतण्याने बर्फावरून फोन केला. आधी गिरमिट दाखवलं. सुताराचं असतं तसंच, पण माणसाच्या छातीएवढं. आठ इंचांचं भोक पडलं आणि काळं पाणी वर आलं. शेजारी एक यंत्र ठेवलेलं, त्यात ध्वनिलहरींनी तळ उमटतो, सोडलेलं आमिष रेघेसारखं दिसतं, आणि मासा आला की दुसरी रेघ.

पांढरी नळी त्याने तळाला टेकवली, दोन-तीनदा उचलून आपटली. पांढरीच का? खोल पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी विझतो आणि काळपट दिसतो. पांढरा अंधुक उजेडातही टिकतो, शिवाय तिथला मासा ज्या मासळीवर जगतो ती पांढुरकीच असते. माझ्या देखत दुसरी रेघ आली. आमिषाजवळ थांबली. मी इकडे श्वास रोखून, “हलवू नकोस!” असं ओरडलो. त्याने उलटंच केलं, भराभर रीळ गुंडाळून आमिष वर पळवलं. रेघ पाठोपाठ वर धावली, आणि काठी वाकली.

“काका, थांबलेलं भक्ष्य त्याला खोटं वाटतं. पळालं की खरं.”

मासा बर्फावर आला. हिरवट करडा, अंगभर फिकट ठिपके, शेपटी खोल दुभंगलेली. नाव ट्राउट असलं तरी तो ‘चार’ नावाच्या माशांच्या कुळातला. त्याने आधी पंख तपासले. सिमकोच्या पाण्यात सांडपाण्यातून आणि शेतांतून आलेल्या फॉस्फरसमुळे तळाचा प्राणवायू घटला, लेक ट्राउटची वीण बंद पडत गेली, म्हणून तिथे वर्षानुवर्षं पाळलेली पिल्लं सोडतात. सोडताना एक पंख छाटतात, म्हणजे पाळलेला कोणता आणि सरोवरात जन्मलेला कोणता ते कळतं. याचे सगळे पंख शाबूत होते. पुतण्याने त्याला परत भोकात सोडलं.

२७ जानेवारी

तात्यांना पंखाची गोष्ट सांगितली. त्यांना नवल वाटलं ते छाटण्याचं, सोडण्याचं नव्हे. इथेही रोहू-कटल्याचं बीज दरवर्षी विकत आणून सोडावं लागतं. हे मासे साचल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांना पावसाळ्यात वाहती नदी लागते. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरींनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण घडवली, तेव्हापासून बीज हुकमी मिळू लागलं. त्यांनी यश मिळवलं तो १० जुलै आज देशभर मत्स्य शेतकरी दिवस म्हणून पाळतात.

“आन् मरळ?” तात्या म्हणाले. “तिला कुणी सोडतंय का? आटल्या साली चिखलात ऱ्हायली, पाणी आलं की आली वर.” मरळ हवेतला श्वास घेऊ शकते, ओल्या चिखलात तग धरते. धरण भरल्यावर पहिली मरळ दिसली तेव्हा तात्यांनी ती धरली नव्हती. आज ते कळलं.

६ फेब्रुवारी

तळ दाखवणारं यंत्र आपल्याकडे नाही. मग सुचलं : डबीतल्या अर्ध्या औंसाच्या, म्हणजे चौदा ग्रॅमच्या शिशाच्या डोक्याचं काय? तात्यांनी पकडीने त्याचा गळ तोडला. दोऱ्याला दर हातावर गाठ मारली. थर्माकोलच्या तराफ्यावर मी जीव मुठीत धरून बसलो, तात्यांनी वल्हवलं.

शिसं सोडायचं आणि बोटाने ऐकायचं. चिखल असेल तर ते गुपचूप बसतं, दोरा ढिला पडतो, उचलताना जड येतं. मुरूम असेल तर टक् करतं. दगडावर टक् करून घसरतं. पहिल्या दहा खेपांत मला सगळं सारखंच वाटलं. तात्या डोळे मिटून सांगायचे, “हां, वाट आली.” गाडीवाट! दहा वर्षं पाण्याखाली राहूनही ती शेजारच्या शेतापेक्षा कडकच होती. मृगळ गाळात चरतं आणि वाटेच्या कडेने फिरतं. गोळी तिथे टाकायची.

मग बाभळी. तिथे शिसं नको, तरंगा लावून गोळी खोडांच्या वरच ठेवायची.

११ फेब्रुवारी

वाटेच्या कडेला दोन मृगळ, एक सव्वा किलोचं. पेंड, कणीक आणि चिमूटभर हिंग. पुतण्याला फोटो पाठवला. त्याने विचारलं, “यंत्र घेतलंत का काका?”

घेतलं नाही, असं लिहिलं. एवढ्याशा निरोपात दुष्काळ कसा सांगणार?

१५ फेब्रुवारी

विहीर शोधली. तात्यांनी धरणाची भिंत आणि पलीकडच्या टेकडीवरचं एकटं झाड यांची रेघ धरली, मग वल्हं थांबवलं. शिसं सोडलं, टक्. हातभर सरकून पुन्हा सोडलं, तर गाठीमागून गाठ जातच राहिली. काठ आणि पोट, दोन्ही सापडले.

या वहीच्या शेवटच्या पानावर नकाशा काढलाय. परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढं पाणी. गाडीवाट, तीन परस. बाभळी, अडीच परस, शिसं वर्ज्य. विहिरीचा काठ, चार परस. पेन्सिलीने, कारण अंदाजच तो.

तात्या पान निरखून म्हणाले, “बराबर हाय का, ते कसं कळंल?”

पाणी उतरून विहिरीचं तोंड उघडं पडलं तरच कळेल. मी तसं म्हणालो, आणि दोघंही गप्प झालो. मग तात्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. “ऱ्हाऊ द्या मंग. चुकलं असंल तर चुकू द्या.”