घासायच्या आधी थांबा

लेस्टरमधलं आमचं घर १९७० च्या दशकातलं. बेडरूमच्या छतावर त्या काळच्या फॅशनची खडबडीत नक्षी होती. इथे सगळे तिला आर्टेक्स म्हणतात. तिच्यात जळमटं अडकायची, रंग नीट बसायचा नाही. म्हटलं, सुट्टीत पॉलिशपेपरने घासून टोकं काढू आणि वरून प्लॅस्टर मारून घेऊ. आपल्याकडे रंगाआधी भिंत घासतातच की! स्टूल मांडलं, पॉलिशपेपर आणला. मुलगा खाली गादीवर खेळत होता.

नशीब, प्लॅस्टरवाला त्याच दिवशी काम बघायला आला. वर बघून म्हणाला, हात लावू नकोस, आधी तपासून घे.

मग कळलं की ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या लेपात पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस घालत असत. छताचा नखाएवढा तुकडा ओला करून काढला, दुहेरी पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आलं : अ‍ॅस्बेस्टॉस आहे.

मी घाबरलो. पण प्लॅस्टरवाला शांत होता. छत धड असेल, तर धोका फार कमी. धोका घासण्यात, फोडण्यात, ड्रिल मारण्यात. तेव्हा डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. त्यातून होणारा कॅन्सर वीस-तीस-चाळीस वर्षांनीही उद्भवतो, त्यामुळे कुणाला कशाने झालं ते लक्षातही येत नाही.

त्याने काहीच घासलं नाही. पाण्यात पातळ केलेल्या पीव्हीए गोंदाचा हात दिला, जाड प्लॅस्टरने खळगे भरले, वरून फिनिशचे दोन पातळ थर. छत आरशासारखं झालं. जाताना म्हणाला, आत काय आहे ते घराच्या कागदांत लिहून ठेव, पुढच्या माणसाने इथे ड्रिल मारू नये.

त्याच आठवड्यात गावाहून दादाचा फोन. साताऱ्याकडच्या आमच्या घरावरचे सिमेंटचे पत्रे काढून स्लॅब टाकायचं चाललंय.

"पत्रे कसे काढताय?"

"कसे म्हणजे? घण घालून खाली पाडायचे. तुकडे अंगणात भरावाला होतील."

"आई कुठंय?"

"इथंच. झाडून घेतीय."

माझ्या पोटात गोळा आला. त्या जुन्या पत्र्यांत तेच अ‍ॅस्बेस्टॉस, आणि माझ्या छतापेक्षा कितीतरी जास्त. लहानपणी आम्ही त्याच पत्र्यांच्या तुकड्यांनी ठिक्कर खेळलोय. शाळेचं छप्परही तेच. दादाला काही सांगायला लागलो तर म्हणाला, "आरं, चाळीस वर्षं राहिलो त्याच्याखाली, काय झालं?"

त्याचं तरी काय चुकलं? त्याला कुणी सांगितलंच नाही. ब्रिटनने १९९९ मध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवरही बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की त्याच्या सगळ्याच प्रकारांनी कॅन्सर होतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तरी आपण ते परदेशातून, मुख्यतः रशियाकडून, आणतो आणि पत्रे करून विकतो. गरिबाला परवडणारं छप्पर म्हणून विकतो. परवडतं हे खरंच आहे. म्हणून एका रात्रीत बंदी घाला असं मी म्हणत नाही. पण पत्रा विकताना "हा फोडू नका, कापताना पाणी मारा" एवढं मराठीत ठळक सांगायला काय हरकत आहे? आणि पाडकाम करणाऱ्या मजुराला कोण सांगणार?

दादाने शेवटी माझं ऐकलं. पत्रे ओले केले, बोल्ट सोडून अख्खे उतरवले, तोंडाला मास्क लावले. आईला दोन दिवस मावशीकडे पाठवलं. मजुरी थोडी जास्त गेली. उतरवलेले पत्रे प्लास्टिकमध्ये गुंडाळून गोठ्यामागे ठेवलेत. ते टाकायचे कुठे, हे ग्रामपंचायतीत कुणालाच सांगता आलं नाही.

तुमच्या गावच्या शाळेचं, अंगणवाडीचं छप्पर कसलं आहे? एकदा मान वर करून बघा. आणि दुरुस्ती निघाली, तर घण उचलायच्या आधी कुणाला तरी थांबवा.